वाचलेला वेळ कोणाचा?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या उत्सवात स्वयंपाकघराविषयी भाषण कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शाळेच्या पालकसभांतच सापडते. सभा सायंकाळी साडेपाचला सुरू होते. सव्वासहापर्यंत सभागृह भरलेले असते. त्यानंतर मागच्या रांगांत हालचाल सुरू होते. एकेक माता हळूच पिशवी उचलते, शेजारणीच्या कानात काही सांगते आणि दाराकडे वळते. मुलाच्या अभ्यासाविषयी शिक्षकांना विचारायचा प्रश्न तिच्या मनातच राहतो. घरी कणीक मळायची असते, कुकर लावायचा असतो आणि साडेआठला पाने मांडली गेलीच पाहिजेत असा घराचा शिरस्ता असतो. वडील मात्र बहुधा सभा संपेपर्यंत बसू शकतात.

हा एका शाळेपुरता अनुभव नव्हे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे तीत आढळले. २०२४ सालच्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, हे खरे. पण पुरुषांचीही नऊ मिनिटे वाचली, हेही तितकेच खरे. याच पाच वर्षांत कितीतरी घरांत नवी उपकरणे आली आणि हातोहाती मोबाइल पोहोचले. तेव्हा स्वयंपाकाची अ‍ॅप आणि त्यांना जोडलेली स्मार्ट उपकरणे वेळ व ऊर्जा वाचवतात का, या प्रश्नाबरोबरच दुसराही एक प्रश्न विचारावा लागतो: वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला येतो?

शिट्टीपासून संवेदकापर्यंत

स्वयंपाकघरातील वेळ वाचवण्याची धडपड जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापिन याने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे, वाफेच्या दाबावर शिजवणारे भांडे करून दाखवले. आजच्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. भारतातही स्वतंत्र बुद्धीचे प्रयत्न झाले. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास 'इकमिक कुकर' तयार केला. एकावर एक बसणारे डबे, बाहेरून नळकांड्यासारखे भांडे आणि तळाशी थोडासा कोळसा, अशी त्याची रचना. डाळ, तांदूळ, भाजी डब्यांत भरून निखारा पेटवला की मंद वाफेवर सारे शिजे आणि माणूस आपल्या कामाला मोकळा होई. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांत आणि प्रवाशांत तो लोकप्रिय झाला, यात नवल नाही. शेगडीपाशी उभे राहायला त्यांच्या घरी दुसरे कोणी नव्हतेच.

१९५९ पासून मुंबईत हॉकिन्सचे प्रेशर कुकर बनू लागले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कुकरची शिट्टी हा मध्यमवर्गीय घराचा नित्याचा आवाज झाला. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरच्या वजनाने अडवलेल्या दाबाखाली तेच सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. एवढ्या वीस अंशांनी डाळीचा तास वीस मिनिटांवर येतो. परंतु शिट्ट्या मोजण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले, आणि ते बाईकडे राहिले. वर्तमानपत्र वाचताना, मुलाचा पाढा ऐकताना, दूरध्वनीवर बोलतानाही तिच्या मनाचा एक कोपरा 'दोन झाल्या, तिसरी राहिली' हा हिशेब करीत असतो. हातांना सुटी मिळाली तरी लक्षाला मिळाली नाही.

लक्षालाही सुटी मिळू शकते, हे जपानमध्ये एका घरगुती प्रयोगाने सिद्ध झाले. योशितादा मिनामी यांचा लहानसा कारखाना होता. विजेवर चालणारा, आपोआप बंद होणारा भाताचा कुकर तयार करण्याचे काम तोशिबा कंपनीकडून त्यांच्याकडे आले. भात नेमका केव्हा होतो, किती पाण्याला किती वेळ लागतो, याच्या पुन्हा पुन्हा चाचण्या त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केल्या. डिसेंबर १९५५ मध्ये तो कुकर बाजारात आला. त्यातली युक्ती नववीच्या विद्यार्थ्यालाही कळेल अशी आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. बाहेरच्या भांड्यातले मोजके पाणी संपले की ते झपाट्याने चढू लागते. त्या चढीने दोन धातूंची पट्टी वाकते आणि खटका पडतो. यंत्राला भात कळत नाही. पाणी संपल्याचे तेवढे कळते. आजच्या स्मार्ट उपकरणांचे शहाणपणही मुळात याच जातीचे आहे. पट्टीच्या जागी संवेदक आला, खटक्याच्या जागी छोटा संगणक आला, आणि हाताशी असलेल्या मोबाइलवर अ‍ॅप आले.

अ‍ॅप नेमके काय करते?

पाककृतींची अ‍ॅप सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांचे काम पुस्तकासारखेच चालते. उपकरणाला जोडलेले अ‍ॅप त्याहून तीन कामे अधिक करते. पहिले मोजण्याचे. भांड्याखालचा तराजू तांदूळ किती आणि पाणी किती हे ग्रॅममध्ये सांगतो. दुसरे काम क्रमाचे. कांदा केव्हा घालायचा, आच केव्हा उतरवायची, झाकण केव्हा लावायचे, हे ते एकेक पायरी करून सांगते, आणि पुष्कळदा आच स्वतःच कमी-जास्त करते. तिसरे काम वेळेचे. ठरल्या वेळी उपकरण सुरू होते, पदार्थ झाला की थांबते आणि दूर असलेल्या माणसाला मोबाइलवर तशी वर्दी देते.

विजेचा प्रेशर कुकर, इंडक्शन शेगडी, ओव्हन, एकाच भांड्यात चिरणे, ढवळणे व शिजवणे करणारी मोठी यंत्रे, असा या उपकरणांचा पसारा आहे. त्यांत पोळीचे यंत्रही आहे, आणि त्यामागे पुण्यात वाढलेल्या एका मराठी अभियंतीचे डोके आहे. प्रणोती नगरकर यांनी सिंगापूरमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन २००८ साली कंपनी काढली. पीठ, पाणी व तेल वेगवेगळ्या खणांत भरले की कणीक मळून, लाटून, भाजून पोळी बाहेर देणारे 'रोटीमॅटिक' त्यांनी विकसित केले आणि २०१६ पासून ते ग्राहकांच्या घरी जाऊ लागले. एक पोळी व्हायला साधारण दीड मिनिट लागते. सवयीचा हात त्याहून वेगाने पोळ्या करतो. यंत्राचा वेग हा त्याचा लाभ नव्हेच. पोळ्या होत असताना कोणाला ओट्यापाशी उभे राहावे लागत नाही, हा त्याचा लाभ.

मात्र ही यंत्रे महाग असतात आणि ती प्रत्येक घरी असावीत असा आग्रह धरण्याचे कारण नाही. वेळेची नोंद ठेवणारा साधा विजेचा कुकर आणि मोबाइलमधला गजर यांनीही पुष्कळ साधते. समजून घ्यायचे आहे ते तत्त्व, आणि ते ऊर्जेच्या हिशेबातून स्पष्ट होते.

ऊर्जेचा हिशेब

एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर उकळते पाणी वाफ होऊन उडून जायला आणखी सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपट. उकळत्या पाण्याखाली मोठी आच ठेवली म्हणजे डाळ लवकर शिजते, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. उकळी आल्यावर पाण्याचे तापमान वाढत नाही. जास्तीची सारी आच वाफ होऊन खिडकीतून बाहेर जाते. प्रेशर कुकरचेही तसेच. पूर्ण दाब आला की आच बारीक करून मिनिटे मोजावीत. मोठ्या आचेवर झालेली प्रत्येक जादा शिट्टी म्हणजे फुकट गेलेले इंधन.

हे पाठ्यपुस्तकात आहे, तरी ओट्यापाशी पाळले जात नाही. याचे कारण अज्ञान हे नसून गर्दी हे आहे. उकळी येते त्याच क्षणी दारावर दूधवाला असतो किंवा मुलाचा मोजा हरवलेला असतो. संवेदक असलेली शेगडी तो क्षण चुकवीत नाही. उकळी आली की ती आच आपोआप उतरवते. अ‍ॅपने पाणी तंतोतंत मोजून दिले तर नको असलेले अर्धा लिटर पाणी तापवण्याचा खर्चही टळतो. ऊर्जा वाचते ती अशा छोट्या, न चुकणाऱ्या कृतींतून.

शेगडीच्या जातीनेही फरक पडतो. घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे चांगल्या शेगडीतही जवळजवळ तृतीयांश उष्णता भांड्याच्या कडेने निसटते. इंडक्शन शेगडीत भांड्याचा तळच तापतो. त्यामुळे साधारण ८५ टक्के ऊर्जा अन्नापर्यंत पोहोचते. २,००० वॅटच्या अशा शेगडीवर एक लिटर पाणी तीन मिनिटांच्या आसपास उकळते आणि वीज लागते सुमारे एक दशांश युनिट. २०२३ साली केंद्र सरकारच्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २० लाख इंडक्शन शेगड्या घरोघरी पोहोचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला, त्यामागचे कारण हेच.

विजेच्या दराचा वेळेशी संबंध जोडला जात आहे, ही आणखी एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट. केंद्राच्या २०२३ सालच्या नियमांनुसार स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांना दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लागू करायचा आहे. सौर ऊर्जा भरपूर असते त्या दिवसाच्या तासांत दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी आणि सायंकाळच्या गर्दीच्या वेळी जास्त, असे त्याचे सूत्र आहे. हे दर ज्या घरी लागू झाले तेथे कडधान्य दुपारी चारला आपोआप शिजवून ठेवणारा कुकर पैसेही वाचवील आणि सायंकाळचा एक तासही.

एका घरातली गोष्ट

आता वेळेच्या प्रश्नाकडे यावे. या शाळेची एक माजी विद्यार्थिनी बँकेत नोकरी करते. घरात पती, सासूबाई आणि याच शाळेत नववीत शिकणारा मुलगा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी अ‍ॅपवर चालणारा विजेचा कुकर आणि इंडक्शन शेगडी आली. पहिल्या आठवड्यात सारे घर हरखले. वरण-भात आपोआप होऊ लागला, दूध उतू जाणे थांबले. महिन्या-दोन महिन्यांनी मात्र एक वेगळीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. ओट्यापासून ती पूर्वीइतक्याच उशिरा सुटत होती. वरण-भाताला वेळ लागत नाही म्हटल्यावर रात्रीच्या पानात दुसरी भाजी आली. रविवारी एक होई ती इडली आठवड्यातून दोनदा होऊ लागली. मुलाच्या डब्यात रोज नवे काही हवे झाले. यंत्राने वाचवलेला वेळ घराच्या अपेक्षांनी, कोणाच्याही मनात वाईट नसताना, परत घेतला होता.

हे तिच्याच घरी घडले असे नाही. अमेरिकेच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात नेमके हेच मांडले आहे. धुलाई यंत्र आले तेव्हा कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. चुली सुधारल्या तेव्हा जेवणात पदार्थ वाढले. पूर्वी लाकूड फोडणे, दळणे अशी कामे पुरुष व मुले करीत. ती यंत्रांनी संपवली आणि उरलेले सारे गृहिणीच्या एकटीच्या वाट्याला आले. महाराष्ट्रातल्या घरांतही गिरणी आली तेव्हा जाते थांबले, पण दळणाचा डबा भरून ठेवण्याची आठवण कोणाची राहिली, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

त्या माजी विद्यार्थिनीच्या घरी बदल घडला तो एका अपघाताने. पावसात पाय घसरून तिचा उजवा हात मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर आले. पहिले दोन दिवस बाहेरून डबे आले. तिसऱ्या दिवशी मुलाने मोबाइल हाती घेतला. अ‍ॅप सांगत होते त्याप्रमाणे त्याने तूरडाळ तोलली, पाणी तोलले, बारा मिनिटांचा वेळ लावला. डाळ कच्ची राहिली. यंत्राचे चुकले की मुलाचे, यावर घरात चर्चा सुरू झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अरे, डाळ मागच्या वर्षीची आहे आणि आपल्याकडचं पाणी जड. अर्धा तास भिजवल्याशिवाय ती ऐकायची नाही."

सासूबाईंचे म्हणणे शास्त्राला धरून होते. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे डाळीची साले व पेशी लवकर मऊ होत नाहीत, आणि जुनी डाळ शिजायला अधिक वेळ घेते. परदेशातल्या कोणा अभियंत्याने ठरवलेल्या बारा मिनिटांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अ‍ॅपमध्ये स्वतःची पाककृती लिहून ठेवण्याची सोय होती. मुलाने नवी नोंद केली, तीही मराठीत: 'आजीचे वरण. डाळ ३० मिनिटे भिजवणे. वेळ १६ मिनिटे. हिंग-हळद आधी, मीठ नंतर.' दुसऱ्या दिवशी वरण उत्तम झाले. मग आजीची आमटी नोंदली गेली, मग मटकीची उसळ, मग मुगाची खिचडी. पोळ्यांची जबाबदारी वडिलांनी घेतली. पहिल्या आठवड्यातल्या पोळ्यांच्या आकारांविषयी घरात अजून विनोद चालतात. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, तेव्हा पाककृती एका व्यक्तीच्या डोक्यात कोंडलेली राहिली नव्हती. सोमवार, बुधवार व शुक्रवारचा स्वयंपाक बापलेकांकडेच राहिला. गेल्या पालकसभेला ती माता शेवटपर्यंत बसली आणि बीजगणितात मुलाचे गुण का घसरले, हे तिने शिक्षकांना विचारले. तो प्रश्न तिने याआधी दोन सभांत न विचारताच घरी नेला होता.

या घराचा वेळ कुकर आल्या दिवशी वाचला नव्हता. शिट्ट्यांचा, पाण्याचा, भिजवण्याचा जो हिशेब एका बाईच्या मनात चालत असे तो मनाबाहेर आला, सर्वांना वाचता येईल असा झाला, आणि मग तो दुसऱ्या कोणी उचलला, तेव्हा वेळ वाचला. अ‍ॅपचे खरे सामर्थ्य येथे आहे. नवख्या माणसाला ते 'मला येत नाही' म्हणण्याची सबब ठेवत नाही.

पाककृती कोणत्या भाषेत?

मराठी स्त्रियांनी स्वयंपाकाचे ज्ञान शब्दबद्ध करण्याचे काम फार पूर्वी सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' प्रसिद्ध झाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्याने लाखो नवख्या हातांना धीर दिला. माहेरापासून दूर, परप्रांतात संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींच्या सामानात ते पुस्तक असे. 'अंदाजाने' या शब्दाच्या जागी 'दोन चमचे' आले, हीच त्या काळातली मोठी सुधारणा होती. अ‍ॅप हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. चमच्याच्या जागी ग्रॅम आले, 'खमंग होईपर्यंत' याच्या जागी अंश आणि मिनिटे आली.

पण या नव्या वहीत मराठी पाने थोडी आहेत. विकत घेतलेल्या उपकरणात राजमा, बिर्याणी, सांबार, पास्ता सापडतो. गोडा मसाला घातलेली आमटी, भरली वांगी, अळूची पातळ भाजी, पुरण शिजवून वाटण्याजोगे होण्याची नेमकी वेळ, हे तेथे सहसा नसते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना हे पदार्थ आजीच्या हातून मिळतात, आणि आजीबरोबरच ते जातात. म्हणूनच गेल्या वर्षी शाळेच्या नववीच्या वर्गाला विज्ञानाचा एक प्रकल्प दिला गेला. प्रत्येकाने घरचा एक पदार्थ घरच्या ज्येष्ठ व्यक्तीबरोबर करावा, जिन्नस तोलावेत, वेळ मोजावी, जमल्यास तापमान नोंदवावे आणि सारे शुद्ध मराठीत लिहावे. मुलांइतकीच मुलींनाही अट होती आणि मुलींइतकीच मुलांनाही. वहीत 'चिमूटभर' हा शब्द आला की शिक्षिका विचारीत, "चिमूट कोणाची?" आणि मग आजीची चिमूट तराजूवर जाई. या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. परगावी व परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या नोंदी पाठवल्यास त्यांची भर पडेल आणि कोणत्याही उपकरणाच्या अ‍ॅपमध्ये त्या उतरवता येतील.

काही सावधगिरी

उपकरण घेताना व वापरताना काही गोष्टी पाहाव्यात. २,००० वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढते. तिला सहा अँपिअरचे साधे सॉकेट चालत नाही. सोळा अँपिअरचे सॉकेट आणि नीट केलेले अर्थिंग आवश्यक आहे. भांड्याच्या तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला तरच ते इंडक्शनवर चालते.

वेळ लावून ठेवण्याच्या सोयीचा वापर विवेकाने करावा. शिजवलेला भात कुकरमध्ये तासन्‌तास कोमट ठेवू नये. त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. गरम अन्न ६० अंशांच्या वर किंवा थंड अन्न ५ अंशांच्या खाली, हा नियम लक्षात ठेवावा. उन्हाळ्यात दूध, मांस, मासे आदी जिन्नस भांड्यात घालून सहा तासांनंतरची वेळ लावणे धोक्याचे आहे. राजमा मंद आचेच्या कुकरमध्ये कच्चा घालू नये. त्यातले विषारी द्रव्य मंद आचेने नष्ट होत नाही. भिजवलेले पाणी टाकून, ताज्या पाण्यात तो आधी खळखळून उकळावा किंवा सरळ प्रेशरखाली शिजवावा.

सतत जोडलेले उपकरण बंद असतानाही थोडी वीज खाते. दोन वॅटचा असा सततचा वापर वर्षाला साडेसतरा युनिटांपर्यंत जातो. काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करावे. आणि इंटरनेट गेले किंवा कंपनीने अ‍ॅप बंद केले तरी हाताच्या बटणांनी चालेल असेच उपकरण घ्यावे. मोबाइल हरवला म्हणून घर उपाशी राहू नये.

वाटणीचा करार

पालकहो, नवे उपकरण घरी येते तेव्हा त्याची पूजा होते, त्यावर कुंकवाचे बोट लागते, हमीपत्र जपून ठेवले जाते. त्याच दिवशी घरातल्या सर्वांनी बसून आणखी एक गोष्ट ठरवावी: यामुळे वाचणारी मिनिटे कोणाची? ती मिनिटे आणखी एका भाजीची नाहीत, असे स्पष्ट म्हणावे. अ‍ॅप एकाच मोबाइलमध्ये न ठेवता घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावे, म्हणजे 'भात झाला' ही वर्दी आईलाच येणार नाही. आठवड्यातले काही दिवस नावाने वाटून द्यावेत. मुलगा असो वा मुलगी, आठवी-नववीपर्यंत एक पूर्ण जेवण स्वतः करता येणे हे परीक्षेतल्या उत्तीर्णतेइतकेच आवश्यक मानावे.

पुढच्या पालकसभा नेहमीप्रमाणे साडेपाचलाच सुरू होतील. सव्वासहाला मागच्या रांगेतल्या एखाद्या मातेचा मोबाइल वाजेल. त्या वेळी तिने पिशवी न उचलता तो पाहावा आणि त्यावर घरून आलेली ओळ वाचावी: 'कुकर लावला आहे. तू सावकाश ये.' साठ वर्षे या शाळेने मुलांना लिहायला-वाचायला शिकवले. ही एक ओळ घरी लिहिली जावी, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षातली अपेक्षा आहे.